‘लक्ष वेधून घेण्यासाठी’ या मुद्द्यावर

स्वतःला जखमा करून घेणाऱ्यांबद्दल "लक्ष वेधून घ्यायचं असतं, दुर्लक्ष केलं की आपोआप थांबतं" असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. माझ्या बहिणीने दोन वर्षं भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचेच कपडे घातले. लक्ष हवं असणारं माणूस इतकं लपवत नाही. दुर्लक्षाने थांबलं काहीच नाही, फक्त आम्हाला कळायचं बंद झालं. शपथा घालून पाहिल्या (हो, मीही घातली), त्यानेही तेच.

इथे दवाखान्यातल्या वागणुकीबद्दल कुणीच बोललं नाही. पहिल्यांदा टाके घालताना "स्वतःच केलंस ना, मग आता कशाला रडतेस?" असं तिला ऐकावं लागलं. पुढच्या वेळी ती गेलीच नाही. नंतर कधीतरी भेटलेल्या एका सिस्टरने आधी विचारलं, "दार लावू की उघडं ठेवू? हाताला धरलं तर चालेल?" आणि भूल दिल्याशिवाय जखमेला हात लावला नाही. हा काही त्यांचा एकटीचा चांगुलपणा नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांतच अशा रुग्णांना पुरेशी भूल द्या असं होतं, आणि २०२२ च्या सूचनांत शिक्षा केल्यासारखे उपचार करू नका असं स्पष्ट लिहिलंय. समुपदेशकानेही पहिल्या भेटीत "का केलंस?" विचारलं नाही. "त्याआधीचा तासभर कसा गेला?" एवढंच विचारलं. त्यावर ती चाळीस मिनिटं बोलली.