डार्टमूरवरची लेटरबॉक्स: बेअरिंग नेमकं कुठे चुकतं

लेटरबॉक्स म्हणजे इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर लपवलेली, आत वही आणि रबरी शिक्का असलेली छोटी डबी; ती शोधायची खूण म्हणजे ग्रिड संदर्भ आणि बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा. ओकहॅम्प्टन रेंज या लष्करी गोळीबाराच्या क्षेत्रात, रो टॉर या खडकाळ टेकडीजवळच्या लक्ष्य-रेल्वेपाशी (सरावाची निशाणं हलवण्यासाठीचे रूळ) खुणेनुसार जाऊनही डबी सापडत नसेल, तर आधी खूण कधीची आहे ते पाहा. 1980 च्या दशकात तिथे चुंबकीय उत्तर (होकायंत्राची सुई दाखवते ती) नकाशाच्या उत्तरेपासून 5-6 अंश पश्चिमेला होती, आता दोन्ही जवळपास एक झाल्यात. म्हणून जुन्या चुंबकीय बेअरिंगमधून तेवढे अंश वजा करा. 5 अंशांची चूक म्हणजे 500 मीटरवर सुमारे 44 मीटर, आणि तेवढ्यात दगडांचे दहा ढीग येतात. रुळांजवळ उभं राहून होकायंत्र वाचू नका, लोखंडाने सुई ओढली जाते. चांगलं पन्नासेक पावलं लांब जा.

सहा आकडी ग्रिड संदर्भ (नकाशावरची जागा सांगणारे आकडे) 100 मीटरचा चौकोन देतो, तेव्हा शेवटचा शोध बेअरिंगवरच.

डबी बहुधा औषधाच्या प्लास्टिक बाटलीएवढी, दगडाखालच्या कपारीत. एकही दगड उपटायचा नाही, जुन्या बांधकामात तर हातच घालायचा नाही. डबीतला शिक्का उमटवून झाकण घट्ट लावा, पाणी शिरलं की वहीचा लगदा होतो.

निघण्यापूर्वी गोळीबाराचं वेळापत्रक बघाच. लाल बावटा किंवा रात्री लाल दिवा दिसला तर आत पाऊल नको. धातूची अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका, जागा टिपून कळवा.