शाया एकमेकीत मिसळून मोरपंखी नि वांगी रंग जमेल का? पेनचं काय होईल?

दौतवाली_पुणे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ब्रिलची टर्कॉइज, ब्रिलची हिरवी, कॅमलची रॉयल ब्लू, लाल आणि काळी अशा बाटल्या आहेत, सगळ्यांची किंमत मिळून एका इंपोर्टेड बाटलीएवढीही होत नाही. मला हवाय मोरपंखी, पैठणीत असतो तो, उजेडात हिरवा वाटतो नि सावलीत निळा, आणि दुसरा वांगी. परवा टिश्यूवर लाल नि निळ्याचे थेंब एकत्र केले तर वांगी सोडाच, चहाच्या चोथ्यासारखा काहीतरी कळकट रंग आला. शाळेत तर लाल अधिक निळा म्हणजे जांभळा शिकवलं होतं ना? शिवाय घरच्यांचं म्हणणं की दोन शाया मिसळल्या की पेन बाद. खरंय का? पेन साधाच आहे, ड्रॉपरने भरायचा, एबोनाइटचा (म्हणजे कडक रबराचा), पण निब हाताला बसलीये त्यामुळे तो घालवायचा नाहीये. प्लॅटिनम कंपनीच्या मिक्स फ्री शाया खास मिसळायलाच बनवलेल्या असतात, नऊ रंग नि वर पातळ करायचं द्रावण, असं कळलं पण त्या इथे सापडेनात आणि सापडल्या तरी परवडायच्या नाहीत.

थेंबे_थेंबे

मिसळता येतात की. फक्त बाटलीत बाटली ओतू नका, मूळ बाटलीत दुसऱ्या शाईचा ड्रॉपरसुद्धा न धुता घालू नका. मेडिकलमधून साधी सिरिंज आणा, होमिओपॅथीच्या रिकाम्या काचेच्या कुप्या कुणाच्या ना कुणाच्या घरात असतातच, त्या धुऊन वाळवून घ्या, आणि एका वेळी 2 मिलीच्या वर बनवू नका.

आधी फिकी शाई घ्यायची मग गडद शाई एकेक थेंब. उलटं केलंत आणि काळ्यात पिवळी ओतत बसलात तर पिवळीची बाटली संपेल, काळ्याला ढिम्म काही होणार नाही. मोरपंखीसाठी टर्कॉइज 6 थेंब, हिरवी 2, रॉयल ब्लू 1, इथून सुरू करा आणि मग डोळ्याला पटेल तसं हलवा. गडद करायला काळी टाकायचा मोह होईल, नका टाकू, रॉयल ब्लूच वाढवा, काळीने सगळ्यात आधी चमक जाते. तीनच्या वर शाया एकत्र केल्या की काहीही करा, रंग मातकटच होतो.

ओल्या रंगावर विश्वास ठेवू नका, वाळल्यावर बघा आणि रोज ज्या वहीत लिहिता त्याच वहीवर बघा, पिवळसर कागदावर निळा हमखास हिरव्याकडे सरकतो. इअरबडने फासलेला रंग वेगळा दिसतो, निबमधून उतरलेला वेगळा, म्हणून एखादी जुनी निब बुडवून चार ओळी लिहाच. आणि प्रमाण तिथल्या तिथे त्याच शाईने लिहून टाका, "नंतर लिहीन" म्हटलं की तो रंग परत मिळत नसतो.

रसायनवाले_सर

लाल-निळ्याचं सांगतो. बाजारातली लाल शाई बहुतेक वेळा नारिंगीकडे झुकलेली असते, म्हणजे तिच्यात पिवळेपणा आलाच, आणि पिवळा नि जांभळा एकमेकांना मारतात. छापखान्यातही म्हणूनच सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशी चौकडी असते, तिथे लाल नसतोच. वांग्यासाठी राणी कलरची गुलाबी शाई घ्या नि तिच्यात रॉयल ब्लू घाला. किंवा सरळ ब्रिलची व्हायोलेट आणून त्यात काळीचा एखादा थेंब, कमी कटकट.

शाई विकत घेतल्यावर आधी तिच्या पोटात काय आहे ते बघा. टीपकागदाची लांब पट्टी कापा, खालून बोटभर वर शाईचा ठिपका द्या आणि ठिपका बुडणार नाही इतपतच टोक पाण्यात ठेवा. पाणी वर चढतं तसे रंग सुटे होत जातात. काळीतून तर काय काय रंग निघतील बघा, आणि लाल ठिपक्याला केशरी-पिवळी किनार सुटली तर तिचं जांभळं होणार नाही हे आधीच कळेल.

पेनबद्दल घरचे अगदीच चूक नाहीत बरं का. नेहमीच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. एक शाई आम्लधर्मी नि दुसरी अल्कधर्मी असेल तर तो विरघळलेला रंग साका होऊन खाली बसू शकतो आणि हा साका फीडच्या, म्हणजे निबला शाई पोचवणाऱ्या तिच्याखालच्या भागाच्या, बारीक खाचांत जाऊन बसतो. पीएच पट्ट्या मिळतात, एकदा बघून ठेवा. आयर्न गॉल शाई, म्हणजे लोहाचे क्षार असलेली, कशातच मिसळू नका, पेलिकन 4001 ची ब्लू-ब्लॅक त्याच जातीची. तिच्यातलं लोह विरघळलेलं राहावं म्हणूनच ती आम्लधर्मी ठेवतात, अल्कधर्मी शाई पडली की तो तोल गेला. नूडलर्स कंपनीची बेस्टेट ब्लू उलट्या टोकाची, अल्कधर्मी, तिचं बाहेरच्या कुणाशी पटत नाही. पिगमेंटवाल्या शायाही, म्हणजे ज्यांत रंग न विरघळता बारीक कणांत असतो त्या, यात नकोत. आणि चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी, जिच्यात लाख असते, ती पेनमध्ये मुळीच नाही, मिसळूनही नाही नि नुसतीही नाही.

बोरूबहाद्दर

सर एवढं घाबरवू नका हो तिला 😀 आमच्या वेळी वर्गात शाई संपली की शेजारच्याच्या पेनातून दोन थेंब घ्यायचे, त्याची चेलपार्क आपली कॅमल, कोण पीएच बघत होतं. पेनं चाललीच की. बुरशी येऊ नये म्हणून कुपीत एक लवंग टाका, जुने लोक टाकायचे.

रसायनवाले_सर

@बोरूबहाद्दर दोन्ही साध्या निळ्या होत्या आणि दोन दिवसांत लिहून संपायच्या, म्हणून चाललं. लवंग दौतीत बोरू बुडवणाऱ्यांनी टाकावी, फीडमध्ये तिचा भुगा नको. बुरशीचा धोका मात्र खरा आहे, मुख्यतः पाणी घातलं तर, कारण पाण्याने शाईतलं प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं. रंग फिका करायचाच असेल तर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते, नळाचं नको. आणि थोडंच बनवून संपवायचं.

हॅम्बुर्गकर

इथे जर्मनीत शाळेतली पोरं रॉयल ब्लूने लिहितात कारण ती खोडायचं वेगळं पेन मिळतं, टिंटनकिलर म्हणतात, ते फिरवलं की निळा रंग जातो. मिश्रणावर फिरवलं की मजा, निळा गायब आणि त्याला दाद न देणारा दुसरा रंग असेल तर तेवढा मागे राहतो. उन्हाचंही तसंच, धुऊन निघणारी रॉयल ब्लू लवकर उडते, त्यामुळे मोरपंखी कागद खिडकीत राहिला तर रंग हळूहळू बदलणार. चेकवर वगैरे असलं मिश्रण नको. टिकाऊ हवं असेल तर डी अत्रामेंतिस कंपनीच्या डॉक्युमेंट शाया आपसात मिसळतात, पण स्वस्त नाहीत.

दौतवाली_पुणे

भारी माहिती, सगळ्यांना धन्यवाद 🙏 मोरपंखी जमला! 6-2-1 जरा हिरवा वाटला म्हणून रॉयल ब्लूचा अजून एक थेंब घातला. आता पेनमध्ये कधी भरू? आणि राणी कलरची शाई दुकानात बघून कशी ओळखायची, बाटलीत सगळ्याच काळ्या दिसतात.

थेंबे_थेंबे

निदान 24 तास कुपी न हलवता ठेवा, आठवडा ठेवलात तर उत्तम. मग उजेडासमोर तिरकी करून तळ बघा, गाळ किंवा तंतू दिसले तर सरळ ओतून द्या, गाळून वापरायच्या भानगडीत पडू नका. स्वच्छ असेल तर पेन साध्या पाण्याने धुऊन भरा, गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग जातो. पहिल्यांदा अर्धाच भरा नि रोज थोडं लिहा, भरून ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका.

ओळखायचं म्हणाल तर दुकानदाराला झाकण उघडायला सांगा. झाकणाच्या आत शाईचा पातळ थर लागलेला असतो, तो उजेडात बघायचा, निळसर गुलाबी दिसला तर घ्या, केशरी झाक असेल तर ठेवून द्या. अप्पा बळवंत चौकात दुपारी जा, संध्याकाळी गर्दीत कुणी झाकणं उघडून दाखवत बसणार नाही.