अनुभव धागा: 'सगळी म्हणत्यात' म्हणून घेतलेले निर्णय

पायरीवरचा
2019 चा ऑगस्ट, कोल्हापूरचा महापूर. आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जरा अलीकडं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा अन 43 म्हणजे धोका, हे आमच्यात शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. आकडा वर वर चाललेला, मोबाईलवर सारखे मेसेज, आणि मी काय करत होतो तर खिडकीतनं समोरच्यांकडं बघत होतो, त्यांनी टीव्ही माळ्यावर टाकला का, नाही ना, मग बसूया. बाबांचं एकच, 2005 ला पायरीपर्यंतच आलंय. नंतर कळलं समोरचे काका पण आमच्याच दाराकडं बघत बसलेले!

शेवटी कोपऱ्यावरच्या वहिनी नवऱ्याशी भांडून, सासूला आणि पिठाच्या डब्याला रिक्षात घालून निघाल्या. आधी सगळी हसली, अन तासाभरात निम्मी गल्ली बाहेर. आम्ही राहिलो ते बोटीतनं निघालो. फ्रीज गेला त्याचं काय नाही, बहिणीची सर्टिफिकेटं गेली.

परवा मेहुण्यानं सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा 1951 चा प्रयोग सांगितला. खोलीत सात-आठ जण, कार्डावरच्या रेघेएवढी रेघ तीनातनं ओळखायची, एवढंच. पण एक सोडून बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देणार. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या मागं गेली, डोळ्याला धडधडीत दिसत असून! आणि पढवलेल्यातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं तरी हे प्रमाण पार आधीच्या पाव हिश्श्यावर यायचं. तवापासनं त्या वहिनी डोक्यातनं जात नाहीत.

तुमचं लिहा. उपदेश नको, प्रसंग पायजे.

माजी खजिनदार
मंडळाची मीटिंग, विषय डॉल्बी. 'कोण कोण तयार, हात वर करा.' मला नको होती, घरी आईला बीपी, पण सगळे हात वर बघून माझा पण गेला. पुढच्या वर्षी एक जुने काका म्हणाले, हात नको, चिठ्ठ्या टाका. पोरं कुरकुरली, पण टाकल्या. निम्म्याच्या वर चिठ्ठ्यांवर 'नको'. म्हणजे आदल्या वर्षी आम्ही कुणासाठी वाजवली? त्या साली हलगी आणि लेझीम.

पायरीवरचा
@माजी खजिनदार, लई भारी. अ‍ॅशनं पण ज्यांना उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला लावलं ते बरेच कमी वाहवत गेले.

गुळाचा खडा
महिन्याला घसघशीत व्याज देणारी स्कीम. कागद वाचला नाही, कारण माझ्या वर ज्या अकरा जणांच्या सह्या होत्या त्यांनी वाचला असंल. पुढचं सांगत नाही, बायको हा धागा वाचती.

पहाटे पाच
धाग्याचा सूर जरा एकाच बाजूचा वाटला. माझा मावा सुटला तो तालमीतल्या पोरांमुळंच. कोण काय बोललं नाही, पण तिथं कुणाच्याच खिशात पुडी नसायची आणि मला एकट्यालाच मधनं बाहेर जाऊन खायची लाज वाटायची. डॉक्टरनं चार वर्षं सांगून जमलं नव्हतं. आता तालीम बंद आहे, मावा पण बंद आहे. ही ढकलाढकली नसती तर मी काय आपणहून सुधारणाऱ्यातला नव्हे.

कटवाला
माझं लहान आहे, हसू नका. मला तिखट सोसत नाही. कोल्हापूरचा असून. गेली 14 वर्षं दर रविवारी मित्रांबरोबर मिसळ खाताना 'कट वाढवा ओ' म्हणतो आणि सोमवार कसा काढतो ते मलाच माहीत. एकदा दही मागवणार होतो तेवढ्यात एकजण म्हणाला, 'पुण्याचा हायस काय?' मग गप्प.

अनामिक रविवार
@कटवाला, भावा, कुठला ग्रुप तुमचा? आमच्यात पण एकजण 'कट वाढवा ओ' म्हणत असतोय आणि त्याच्यामुळं मला पण वाढवून घ्यावा लागतोय. तूच असशील तर या रविवारी दही मागव. दोन सांग.