जोडशब्दांतले सुटे शब्द शोधात यावेत म्हणून पानात खुणा कशा कराव्यात?

पानफुटी:
माझ्या संकेतस्थळावर विज्ञानाचे लेख आहेत. शोधपेटीत ‘दाब’ लिहिलं तर ‘वायुदाब’, ‘रक्तदाब’ असलेले लेख येत नाहीत. जोडाच्या जागी सॉफ्ट हायफन किंवा डब्ल्यूबीआर टॅग घातला तर येतील का? मोबाइलवर लांब शब्द ओळीबाहेर जातात, तेही सुटेल.

सूचीकार:
ओळीचं काम होईल, शोधाचं नाही. या खुणा ‘इथे ओळ तोडली तरी चालेल’ एवढंच सांगतात. उलट धोका आहे. सॉफ्ट हायफन (युनिकोड क्रमांक यू+००एडी) हे मजकुरातलं खरं चिन्ह आहे. ते गाळलं नाही, तर खुणेचा ‘वायुदाब’ आणि साधा ‘वायुदाब’ वेगळे ठरतात आणि आज सापडणारा लेखही हरवतो. काही प्रणाली टॅग काढून तिथे मोकळी जागा सोडतात. मग डब्ल्यूबीआरने अख्खा शब्दच तुटतो.

आणि आपल्याकडे संधी आहे! ‘सूर्योदय’मध्ये खूण करणार कुठे? ‘उदय’ त्यात अक्षरांनी उरलेलाच नाही. ‘ग्रंथालय’ कापलात तर हाती ‘लय’ येतो.

म्हणून फोड पानात नको, सूचीत करा, म्हणजे शोधयंत्र लेखांतले शब्द जिथे नोंदवून ठेवतं तिथे. शब्द आणि त्याचे भाग अशी यादी स्वतः बनवा: सूर्योदय – सूर्य, उदय. मूळ शब्द ठेवून भाग त्याच स्थानावर नोंदवा. ल्यूसीन या शोधासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोशावरून जोडशब्द फोडणारा फिल्टर आहे, पण तो फक्त अक्षरं जुळवतो. मोठा कोश दिलात तर ‘कमलदल’मध्ये त्याला ‘मल’ सापडेल. वाचकाने टाकलेला शब्द मात्र फोडू नका, नाहीतर ‘वायुदाब’ शोधणाऱ्यापुढे वायूवरचे सगळे लेख येतील.

पानफुटी:
यादी करतो. सॉफ्ट हायफन ओळीसाठी ठेवला तर सूचीआधी युनिकोडचं एनएफकेसी केसफोल्ड (मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं सामान्यीकरण) चालवू? त्यात अदृश्य चिन्हं गळतात ना?

रफार:
गळतात, पण त्यांच्याबरोबर शून्य-रुंदी जोडकही (यू+२००डी, जोडाक्षराचं रूप ठरवणारं अदृश्य चिन्ह) जातो. जुन्या मजकुरात ‘दऱ्या’ साध्या र आणि जोडकाने टंकलेला असेल, तर त्याचा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळेल. आधी तसे सगळे र शोधून नुक्त्याचा ऱ (यू+०९३१) घाला, मग सामान्यीकरण चालवा.

सूचीकार:
हे अगदी महत्त्वाचं. हाच क्रम वाचकाने टाकलेल्या शब्दालाही लावा. सूचीत एक आणि शोधपेटीत दुसरं असं झालं तर काहीच जुळणार नाही.