लॉगबुक भरलं म्हणजे हात तयार झाला का?

दुपारपाळी_इनचार्ज
नवीन स्टाफ नर्स रुजू होते तेव्हा तिचं लॉगबुक, म्हणजे शिकताना केलेल्या प्रोसीजरची नोंदवही, भरगच्च असतं. इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी), रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), लघवीचं कॅथेटर, सगळ्यापुढे सह्या. पण ५०० मिलि सलाईन ४ तासांत द्यायचंय, मिनिटाला थेंब किती, असं विचारलं की गडबडते. सेटच्या पाकिटावर १ मिलिला २० थेंब छापलेलं असतं. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२ थेंब. एवढं गणित जीएनएम डिप्लोमाच्या तीन वर्षांत किंवा बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांत पक्कं होत नसेल तर वॉर्डातल्या पोस्टिंगचे तास कसले मोजायचे? माझं मत: प्रत्येक प्रोसीजर आधी कॉलेजच्या सराव-लॅबमध्ये मॅनिकिनवर (रबरी पुतळ्यावर) चेकलिस्टने पास करा. नापास, तर वॉर्डात सुई हातात नाही.

रात्रपाळी
मॅडम, गणिताचं मान्य. मॅनिकिनचं नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये उन्हातून, उलट्या-जुलाब होऊन आलेल्या पेशंटची शीर बोटाला लागतच नाही. लॅबमधली रबरी शीर कायम भरलेली असते. खरी चूक कुठे होते बघा: १५ ते ३० अंशांत टोचलं, रक्त दिसलं की मुली लगेच सुई मागे ओढतात. सुईचं टोक प्लॅस्टिक नळीच्या पुढे असतं, त्यामुळे सुई शिरेत आणि नळी बाहेर. रक्त दिसल्यावर कोन कमी करून अजून २ मिमी पुढे जायचं, मग नळी सरकवायची. मॅनिकिनवर ही चूक खपून जाते, कारण रबर फुगत नाही. इथे सलाईन शिरेबाहेर जाऊन पेशंटचा हात फुगतो.

दुपारपाळी_इनचार्ज
म्हणजे ते २ मिमी शिकायला पेशंटचा हात फुगू द्यायचा? कोन आणि क्रम लॅबमध्ये बसू शकतो की ओ. वाळलेल्या शिरेचा अंदाज वॉर्डात येईल, पण ती पुढची पायरी झाली.

पूर्वभाग_४१३००५
तुम्ही दोघं सुईवरच अडकलात. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट काढा. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी आणि श्वास सगळ्यांचा मिनिटाला २०. मोजलेलाच नसतो! पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा श्वास आधी वाढतो, बीपी नंतर पडतं. २८ च्या जागी २० लिहिलं तर रात्री डॉक्टरांना बोलवायचं कारणच कागदावर राहत नाही. पूर्ण एक मिनिट मोजायचा, नाडीवरची बोटं न काढता, म्हणजे पेशंटला कळत नाही आणि तो श्वास बदलत नाही.
दुसरं भाषेचं. सोलापूरच्या पूर्वभागातली तेलुगू आजी ‘आयासं’ म्हणाली की मराठी मुलगी ‘थकवा’ लिहून मोकळी. तेलुगूत त्याचा अर्थ धाप. ‘नोप्पी’ म्हणजे दुखणं, कन्नडमध्ये ‘नोवु’. सिव्हिलला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याला, अक्कलकोटकडून, थेट कर्नाटकातल्या इंडीकडूनही पेशंट येतात. हे कुठलं मॅनिकिन शिकवणार?

शेवटचं_वर्ष
नियमात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट आहेत. प्रत्यक्षात बेड लावणं, सँपल लॅबला पोचवणं आणि केस पेपर शोधणं यात सकाळ जाते. वॉर्डातल्या स्टाफलाही दोष देत नाही, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मग शिकवायचं कोणी?

रात्रपाळी
सँपलला हमाली म्हणू नका. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून, सलाईनच्या सुईच्या वरच्या बाजूने रक्त काढलं तर रिपोर्ट पातळ रक्ताचा येतो. जांभळ्या टोपीच्या नळीतलं रक्त लाल नळीत ओतलं तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं. सँपल परत का आलं हे लॅबच्या खिडकीवर विचारणारी मुलगी तिथेच शिकते.

शेवटचं_वर्ष
विचारायला थांबलं तर वॉर्डातून ‘कुठे होतीस’ येतं. आणि जिवावर बेतणाऱ्या गोष्टी तशाच राहतात. इन्सुलिनची बाटली ४० ची (१ मिलित ४० युनिट), सिरिंज १०० ची (१ मिलिला १०० युनिटच्या रेघा): २० च्या रेघेपर्यंत भरलं तर जातात फक्त ८ युनिट. उलट झालं, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर २० ऐवजी ५०. सिरिंजची लाल टोपी ४० ची, केशरी १०० ची, हे दोन मिनिटांत दाखवता येतं. लॉगबुकात मात्र ‘इन्सुलिन दिलं’ एवढीच ओळ.

दुपारपाळी_इनचार्ज
इन्सुलिन लॅबमध्येच व्हावं, दोन्ही सिरिंजा समोर ठेवून; तिथे पेशंटची गरजच नाही. इंट्राकॅथवर मी अजून ठाम आहे. पण श्वासाचं पटलं. पोस्टिंगचा पहिला आठवडा सुई नको: फक्त टीपीआर आणि ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं). शिक्षकाने त्याच पेशंटचा श्वास त्याच मिनिटाला मोजायचा, दोनपेक्षा जास्त फरक आला तर परत.

शेवटचं_वर्ष
दहा जणी, तीस पेशंट. शिकवणाऱ्या मॅडमना तेवढा वेळ कुठून?

पूर्वभाग_४१३००५
तीस कशाला? रोज एकीचा एकच पेशंट तपासायचा, कुठला ते आधी सांगायचं नाही. चालण्यासकट पंधरा मिनिटं.