मदत हवी आहे: १६ वर्षांची मांजर, किडनीचा आजार, घरी सलाइन जमत नाहीये

आमची मनी १६ वर्षांची. पाणी खूप प्यायला लागली होती, वजन उतरत होतं. वय झालं, चालायचंच, म्हणून मी सोडून दिलं, त्याची आता चुटपुट लागलीय. क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) ३.६, फॉस्फरस वाढलेला, लघवी पाण्यासारखी पातळ. तिसरी स्टेज. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण ७५ टक्के काम गेलेलं असतं म्हणे. बीपी नॉर्मल निघालं, तेवढंच बरं.

एक दिवसाआड १०० मिली सलाइन कातडीखाली द्यायचंय. दवाखान्यात खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून अर्ध्या मिनिटात सुई घातली. घरी मी एकटी. काल सुई कातडीतून आरपार गेली आणि सगळं पाणी केसांवर. माझी मांडी ओली झाली तेव्हा कळलं! आता बाटली अडकवल्याचा आवाज आला तरी ती कपाटाखाली पळते.

दुसरं खाणं. किडनीचं खास खाणं हुंगते आणि शेजारची फरशी पंज्याने उकरते, घाण झाकावी तशी. जुन्यात मिसळून पाहिलं, तेही सोडलं. उपाशी ठेवून वळवायचं नाही, मांजराच्या लिव्हरवर येतं, हे माहीत आहे. जुनंच खाणं ठेवून त्यात फॉस्फरस धरून ठेवणारी पावडर घालणं कोणी केलंय का? डॉक्टरांना विचारणार आहेच, मला अनुभव हवेत. काढे कृपया सुचवू नका.

प्रतिसाद:
आमच्या बोक्याला दोन वर्षं दिलं. सलाइनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा, थेंब मनगटावर टाकून बघा. गार पाणी आत गेलं की ती हलणारच. सुई कातडीला समांतर, तिरका कापलेला भाग वर. बारीक सुई मागू नका, धार इतकी हळू पडते की तोवर मांजर कंटाळतं. मनी दुसऱ्या खोलीत असतानाच बाटली टांगून ठेवा.
पावडर आम्ही जुन्या खाण्यातच घालायचो. ती जेवणातला फॉस्फरस धरते, रिकाम्या पोटी उपयोग नाही. पण आधी सांगा, मनी सारखी ओठ चाटते का? गिळल्यासारखं करते? मळमळ असेल तर आधी त्याचं औषध मागा. मळमळत असताना पुढे आलेल्या खाण्यावर मांजर कायमचा राग धरते.

धागाकर्ती:
चाटते हो, भांड्यापुढे बसून! मला वाटायचं भूक लागलीय.