मदत हवी आहे: खोयखोय लोकांच्या पोशाखाची जुनी युरोपीय चित्रे

नमस्कार मंडळी. वेशभूषेच्या इतिहासाच्या वर्गासाठी मी दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातील खोयखोय लोकांच्या पोशाखाचे तक्ते काढते आहे. अडचण अशी की युरोपीय छापचित्रांवर विश्वास किती ठेवायचा?

जर्मन चित्रकार हान्स बुर्कमायरचे 1508 चे लाकडी ठशाचे चित्र सर्वांत जुन्यांपैकी. तो स्वतः आफ्रिकेला गेला नव्हता. आपल्या कोचीपर्यंत जाऊन आलेल्या एका जर्मन प्रवाशाच्या माहितीवरून त्याने ते केले. डच लेखक ओल्फर्ट डापरही तिकडे न जाताच 1668 मध्ये आफ्रिकेवर जाडजूड सचित्र ग्रंथ काढून मोकळा झाला! जर्मन अभ्यासक पीटर कोल्ब मात्र 1705 पासून काही वर्षे केपला राहिला. त्याचे पुस्तक 1719 चे.

माझे घोडे अडले आहे ते बायकांच्या पायांवरच्या कड्यांपाशी. घोट्यापासून वर एकावर एक वेटोळी दिसतात. कित्येक प्रवासी ती जनावरांची आतडी असल्याचे बेधडक लिहितात. कोल्ब म्हणतो, या कातड्याच्या पट्ट्या आहेत. मला त्याचेच पटते, पण तक्त्यात दाखवायला ठोस पुरावा हवा. कुठल्या संग्रहालयात अशी खरी कडी जपलेली आहेत का?

दुसरे, खांद्यावरचे मेंढीच्या कातड्याचे पांघरूण, म्हणजे कारॉस. त्याची लोकर आत की बाहेर? छापचित्रांतल्या रेघांवरून काही कळत नाही. केप टाउनच्या ग्रंथालयात 1700 च्या आसपासची, प्रत्यक्ष पाहून काढलेली रेखाटने आहेत. त्यांच्या स्पष्ट प्रती कुणी पाहिल्या असतील तर कृपया सांगा.